पाऊणकीत न बसणारा समुद्र

मे महिन्याच्या शेवटी मी बारा दिवस चीनला जाऊन आले. त्यातले अकरा दिवस सगळ्यांचे जातात तसेच गेले: भिंत पाहिली, राजवाडा पाहिला, बागा पाहिल्या, पाय दुखले. त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मी इथे फक्त एका शनिवारबद्दल लिहिणार आहे. त्या दिवशी मी माझ्या मुलीबरोबर समुद्रावर गेले होते.

आधी थोडी माहिती देते, म्हणजे पुढे खुलासे करत बसायला नको. मी अमेरिकेत शॉमबर्गला राहते आणि एका विमा कंपनीत रिलीज मॅनेजर आहे. नवीन सॉफ्टवेअर सुरू होतं त्या दिवशी कोणी, काय, कोणत्या क्रमाने करायचं याची यादी बनवणं आणि ती पाळून घेणं हे माझं काम. मुलगी मुक्ता वीस वर्षांची, जन्म इथलाच. कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकते आणि जानेवारीअखेरपासून एका सत्रासाठी बीजिंगला होती. जूनमध्ये परत येऊन तिने घरापासून दहा मिनिटांवरच्या एका ऑफिसात इंटर्नशिप करायची, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी ठरवलं होतं. आमच्या मराठी मंडळातल्या सुधीरकाकांना मी स्वतः विचारून ती जागा मिळवली होती.

एप्रिलमध्ये मुक्ताने फोनवर सांगितलं की तिला अजून एक वर्ष तिकडेच राहायचंय. तिच्या एका प्रोफेसरांचं बेइदाइहे नावाच्या समुद्रकाठच्या गावात काम चालू आहे, किनाऱ्यावरच्या चिखलात काय काय जगतं ते मोजायचं. त्यात तिला घ्यायला ते तयार होते.

मला हे अजिबात आवडलं नाही, आणि का ते सरळच सांगते. माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागून. माझी आई ओहोटीला बादली घेऊन तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला जायची आणि बारावीपर्यंत मीही जायचे. त्या चिखलातून निघून मी पुण्याला इंजिनियरिंगला गेले, तिथून इकडे आले. माझ्या मुलीने कॉलेज शिकून पुन्हा गुडघाभर चिखलात उतरावं हे मला पटत नव्हतं. मंडळात कोणी विचारलं तर मी "चायनीज शिकायला गेलीय" एवढंच सांगत होते.

माझा नवरा हेमंत म्हणाला, "तू मेमोरियल डेची सुट्टी जोडून जातेच आहेस. बघ आणि ठरव. तू म्हणशील त्याला माझं हो." मुक्ता म्हणाली, "आई, एक दिवस माझा. तू काही प्लॅन करायचं नाहीस. त्यानंतर तू नो म्हणालीस तर मी घरी येईन. नो ड्रामा." सुधीरकाकांना त्याच शनिवारी कळवायचं होतं. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर आलं.

काही प्लॅन करायचं नाही हे मी कबूल केलं. आणि आदल्या संध्याकाळी मोडलं.

मुक्ताचा बेत असा होता की सकाळी दहाची गाडी पकडायची, कारण पाणी चार वाजता ओसरतं.

"कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"हान मावशींनी. त्या तिथेच राहतात, आई."

"आज चिनी तारीख काय आहे? चंद्राची?"

तिकडच्या फोनमध्ये ती दिसते. तिने बघून सांगितलं, "उद्या वीस."

पौर्णिमेनंतर पाच दिवस, म्हणजे आपली वद्य पंचमी. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला हिशेब पाठ असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पाच पाऊण पावणेचार. भरती पावणेचारला, तर ओहोटी त्याच्या सहा तास आधी, दहाच्या सुमारास. मी तिला कागदावर करून दाखवलं.

"आई, हे कोकणासाठी आहे."

"समुद्र सगळीकडे एकच असतो. आणि तू वाढलीस शॉमबर्गला. तुला समुद्र कोणी दाखवला? मी."

ती मग "ओके" म्हणाली आणि साडेसहाची गाडी बुक केली. परतीची साडेचारची कर, असंही मी सांगून ठेवलं आणि वहीत लिहिलं.

गाडीत

चीनच्या रेल्वेबद्दल माझ्यासारख्या माणसाला फक्त चांगलंच बोलता येईल. पासपोर्ट हेच तिकीट. डबा कुठे थांबणार ते फलाटावर रंगाने लिहिलेलं, आणि डबा तिथेच थांबतो. स्टेशनवर, गाडीत, सगळीकडे उकळतं पाणी फुकट. प्रत्येकाच्या हातात थर्मास. अमेरिकेत तीस वर्षं बर्फाचं पाणी नाकारून थकलेल्या बाईला हे देश समजूतदार असल्याचं लक्षण वाटलं.

शेजारच्या बाईंनी पिशवीतून तीन काकड्या काढल्या, धुतल्या आणि त्यातली एक मला दिली. नुसती, कापायची नाही, फळासारखी चावून खायची. माझ्या पर्समध्ये तिखट-मिठाची पुडी कायम असते. मी काकडीवर थोडं घातलं आणि पुडी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी जपून बोट लावलं, चाखलं, आणि मग उरलेली काकडी पुडीतच बुडवायला सुरुवात केली.

"त्या विचारतायत, हे कुठे मिळतं," मुक्ता म्हणाली.

"सांग, घरी बनवलेलं आहे."

"मी सांगितलं की माझ्या आईकडे सगळं असतं. कायम."

ते कौतुक होतं की टोमणा, हे मी विचारलं नाही. मात्र एक गोष्ट मी टिपली. घरी ही मुलगी माझ्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. इथे गाडीत बसल्यापासून ती मराठीत बोलत होती. कारण विचारलं तर म्हणाली, "इंग्लिश बोललं की सगळे प्रॅक्टिस करायला येतात. मराठी इज सेफ."

बेइदाइहे, सकाळी दहा

स्टेशनवरून बसने किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दहाला सात मिनिटं कमी होती. माझ्या पायात रबरी सँडल होत्या आणि हातात आदल्या दिवशी घेतलेली लाल प्लास्टिकची बादली. मी कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं.

समुद्र पायऱ्यांना लागलेला होता. नुसता लागलेला नव्हे, खालच्या तीन पायऱ्या पाण्याखाली. एक लहान मुलगा चौथ्या पायरीवर बसून पाय बुडवत होता. ओला, उघडा पडलेला किनारा असं काही कुठेच नव्हतं.

मी पुन्हा हिशेब केला. पाच पाऊण पावणेचारच येत होते.

मुक्ता शेजारी येऊन उभी राहिली. "बघ, मी सांगितलं होतं" हे तिने म्हटलं नाही. तिच्या जागी मी असते तर नक्की म्हटलं असतं.

"इथे दिवसातून एकदाच पाणी जातं, आई," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आपल्याकडे दोनदा जातं ना, तसं नाही. एकदाच येतं, एकदाच जातं. मला पण आधी माहीत नव्हतं."

मी चाळीस वर्षं समजत होते की पाऊणकी सगळ्या जगाला लागू आहे. ती आमच्या किनाऱ्यापुरती होती.

"म्हणजे दिवस फुकट," मी म्हटलं. "पाणी चारला जाणार आणि आपली गाडी साडेचारची."

"सात-चाळीसची आहे."

"मी साडेचार सांगितलं होतं."

"हो. मी सात-चाळीसची केली."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू कागद काढला असतास," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

माझ्या टीममधल्या नव्या मुलांना मी हेच शिकवते. वरिष्ठ चुकत असतील तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, पण बॅक-आउट प्लॅन, म्हणजे माघारीची वाट, तयार ठेवा. तो माझ्याच चुकीसाठी, माझ्याच घरात तयार ठेवलेला पाहून राग यावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. मग चौथ्या पायरीवर त्या मुलाशेजारी बसून मीही पाय बुडवले.

मधले सहा तास मजेत गेले. वाळूच्या भागात गर्दी होती आणि ऊन चांगलंच होतं, पण अमेरिकन बीचसारखं उघडं होऊन उन्हात पडलेलं जवळजवळ कोणी नव्हतं. बायकांनी मोठ्या टोप्या घातलेल्या, बाह्यांवरून बाह्या चढवलेल्या आणि तोंडाला फडकी गुंडाळलेली. पुण्यात स्कूटरवरच्या मुली दिसतात अगदी तशा. उन्हाने काळं होऊ नये ही चिंता आपल्याइतकीच तिकडेही आहे, हे बघून गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं.

जेवायला मुक्ताने रस्त्याकडेच्या एका साध्या दुकानात नेलं. बाहेर टबांमध्ये जिवंत शिंपल्या. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या, म्हणजे आतली रेती त्या स्वतःच टाकतात. आई अगदी हेच करायची. आपण एका शिंपीसकट तिसऱ्यांची एकशिपी करतो ती खोबऱ्याच्या वाटणात. इथे कढई लालभडक तापवून, लाल मिरच्या, आलं, लसूण घालून दोन मिनिटं परततात, की झालं. सगळ्यांचे शिंपले एकाच परातीत टाकायचे. मी मोजले नाहीत, पण ढीग माझ्याकडच्या बाजूला उंच होता.

तिथेच, दुपारी चार

आम्ही परत आलो तोवर पाणी उतरायला लागलं होतं. पावणेचारला, माझ्या हिशेबाने समुद्र काठोकाठ भरायला हवा होता तेव्हा, तो माझ्या डोळ्यांसमोर निघून चालला होता. चारपर्यंत समोर लांबवर राखाडी, चकचकीत चिखल उघडा पडला आणि कुठून तरी शेकडो लहान पक्षी त्यावर उतरले.

तेवढ्यात एक तीनचाकी गाडी येऊन थांबली आणि साठीच्या एक बाई उतरल्या. गुडघ्यापर्यंत बूट, तोंडाला फुलाफुलांचं फडकं, हातात दाताळं. तिकडेही मोठ्या बाईला नावाने हाक मारत नाहीत, मावशीच म्हणतात. याच हान मावशी. या भागातला चिखल कुठे धरतो आणि कुठे गिळतो हे त्यांना पाठ आहे, म्हणून प्रोफेसरांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याबरोबरच जायचं असा नियम केला आहे.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या.

"त्या म्हणतात, तुझी आई ऑफिसातली दिसते. तिला इथे काठावर बसव."

मी सँडल काढल्या आणि पँट दुमडून आत उतरले. चिखल गार होता. टाच रोवून हलकेच फिरवायची, खाली कठीण लागलं की हात घालायचा. पस्तीस वर्षांत मी हे एकदाही केलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला पहिली तिसरी हातात आली. थोड्या वेळाने बादलीत तळ झाकेल इतक्या झाल्या. हान मावशींनी बादलीत डोकावून त्यातल्या लहान लहान निवडून परत चिखलात टाकल्या. मी त्यांचा हात धरून अजून दोन दाखवल्या, त्याही टाकल्या. मग त्या मोठ्याने हसल्या आणि मुक्ताच्या पाठीवर थाप मारली.

"म्हणतायत, आई अशी आणि तू कशी?"

"म्हणजे कशी?"

"थांब ना, सांगते."

मुक्ता काम करत होती. काम असं: धातूची एक चौकोनी चौकट चिखलावर टाकायची, आतला चिखल चाळणीत घ्यायचा, पाण्याने धुवायचा, आणि उरलेले जीव प्रकार पाहून मोजून वहीत लिहायचे. मग ते परत सोडायचे, पंधरा पावलं पुढे जायचं, पुन्हा तेच. हे पक्षी ऑस्ट्रेलियाकडून सायबेरियाकडे जाताना इथे पोट भरायला उतरतात. त्यांना पुरेल इतकं इथे उरतंय का, हे त्या आकड्यांवरून कळतं.

मी तिची वही मागून घेतली. वेळ, जागा, संख्या, शेरा. चुकलेला आकडा एका रेघेने खोडलेला, म्हणजे खालचा वाचता यावा, आणि बाजूला चुकीचं कारण लिहिलेलं. हे तिला मी कधी शिकवलं नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी चाळली. एकही रकाना रिकामा नव्हता.

हान मावशी बोलत होत्या आणि मुक्ता सांगत होती.

"त्या म्हणतात की मी पहिल्यांदा आले तेव्हा काही कामाची नव्हते." ती थांबली. "सांगितलेल्या वाटेने गेले नाही. कमरेपर्यंत फसले. त्यांनी फळी टाकून ओढलं. आणि मी रडले. खूप रडले, म्हणतायत."

"हे तू आम्हाला सांगितलं नव्हतंस."

"नाही."

"आणि मग?"

"मग त्यांनी सांगितलं, घरी जा, हे तुझं काम नाही. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बसने आले. फळी घेऊन."

आता मला जे विचारायचं होतं ते विचारायची वेळ झाली होती. मी म्हटलं, "मुक्ता, त्यांना विचार. ही तुमची मुलगी असती तर तुम्ही तिला इथे वर्षभर राहू दिलं असतं का?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे वळून विचारलं.

हान मावशींनी तोंडावरचं फडकं खाली केलं, हात बुटांना पुसले. मग त्या बोलल्या, फार नाही, चार-पाच वाक्यं. मुक्ता चौकटीकडे बघत ऐकत होती. मला चिनी भाषेतलं धन्यवाद सोडून काही येत नाही. त्या क्षणी ती मला काहीही सांगू शकली असती.

"त्या म्हणतात, नाही," मुक्ता म्हणाली. "हिवाळ्यात इथे काठाचा समुद्र गोठतो. वारा हाडात जातो. आणि मुलगी एवढ्या लांब, एकटी. त्यांनी त्यांच्या मुलीला पाठवलं नसतं."

"अजून काही?"

"नाही. दॅट्स इट. एवढंच म्हणाल्या."

तिचा आवाज जरा बारीक झाला होता, पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

गेली वीस वर्षं मी लोकांचे स्टेटस रिपोर्ट वाचतेय. लाल, म्हणजे धोक्यात, असतं ते पिवळं करून दाखवतात, पिवळं असतं ते हिरवं. हुशार, अनुभवी, मोठ्या पगाराची माणसं दाखवतात. इथे माझ्यासमोर वीस वर्षांची मुलगी उभी होती. तिचं पुढचं वर्ष तिच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर अवलंबून होतं, आणि तिने लाल ते लालच सांगितलं. एक शब्द कमी केला नाही, स्वतःच्या बाजूने एक शब्द जोडला नाही. चिखलात उभी होते म्हणून, नाहीतर मी तिला जवळच घेतलं असतं.

त्याऐवजी मी पर्समधून वही काढली.

"आता विचार, हिवाळ्यात पायात काय घालायचं."

"काय?"

"विचार ना."

तिने विचारलं. हान मावशी बोटांवर मोजत सांगू लागल्या. आत लोकर असलेले बूट, आणि ते दोन नंबर मोठे, म्हणजे आत दोन मोजे मावतात. एकटं कधीच उतरायचं नाही. फळी दोरीने कमरेला बांधायची. त्या काठावरून हाक मारतील तेव्हा हातातलं काम अर्धं टाकून परत यायचं. रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला यायचं, कारण एकटी माणसं नीट जेवत नाहीत. ती शेवटची ओळ मी अधोरेखित केली. नंतर त्यांचा फोन नंबर घेतला आणि माझा त्यांना दिला. आम्हा दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळणार नाही, पण फोन वाजला की कोणाबद्दल आहे ते कळेल.

"आई," मुक्ता म्हणाली, "तू हे सगळं का लिहितेयस?"

"तुला लागणार आहे म्हणून."

तिला अर्थ लागायला थोडा वेळ लागला. मग तिने चिखलाच्या हातानेच नाक पुसलं आणि "आय हॅव टू फिनिश धिस रो" असं म्हणून पुढच्या पंधरा पावलांवर जाऊन चौकट टाकली. आम्ही दोघी बायका उभ्या राहून बघत होतो. हान मावशींनी मला कोपराने ढोसलं आणि तिच्याकडे हनुवटीने खूण केली. त्या काय म्हणाल्या ते सांगायला कोणी नव्हतं, पण मी मान हलवली.

बादलीतल्या तिसऱ्या हान मावशींना देऊन आम्ही सातला स्टेशनवर आलो. शॉमबर्गला तेव्हा शनिवारची सकाळ उजाडत होती. हेमंतला मेसेज केला, "राहतेय ती." त्याचं उत्तर आलं, फक्त एक अंगठा. सुधीरकाका सहाला फिरायला बाहेर पडतात हे मला माहीत होतं. जागा मीच मागितली होती, तेव्हा नको म्हणायचंही मीच. फलाटावरून त्यांना फोन लावला.

"अगं, तू चीनमध्ये ना?" काका चालता चालता बोलत होते. "मग काय, मुक्ताचं पक्कं? मंगळवारी मी एचआरला नाव देऊन टाकतो."

"काका, ती येत नाहीये. वर्षभर इथेच राहतेय. तुम्ही माझ्या शब्दावर जागा ठेवलीत, त्याबद्दल सॉरी."

"राहतेय? एकटी? अगं पण करणार काय ती तिथे?"

मी सांगितलं. चौकट, चाळणी, पक्षी, सायबेरिया, खोडलेले आकडे, सगळं सांगितलं. फळीचंही सांगितलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझा आवाज चढलाय. मी तो खाली आणला नाही.

"बापरे," काका म्हणाले. "बरं, मग पुढच्या समरला जागा ठेवू का तिच्यासाठी?"

माझ्या तोंडाशी "हो, ठेवा" आलंच होतं.

"ते तिला विचारा काका," मी म्हटलं. "ही बघा, देते."

मुक्ताने फोन घेतला. "काका, नमस्कार, मुक्ता बोलतेय," असं म्हणाली आणि बोलत बोलत फलाटावरून पुढे गेली. गाडी यायला अजून बारा मिनिटं होती. मी बाकावर बसून राहिले. ती काकांना काय म्हणाली, ते मी विचारलं नाही.